खारा, खारट आणि अळणी

जेवताना कुणी ‘आंबट’ म्हणालं तर ते कौतुकही असू शकतं. ‘तिखट’ म्हणालं तर त्यात कौतुक आणि धसका दोन्ही असतात. ‘खारट’ मात्र कौतुकानं म्हटलेलं सहसा ऐकू येत नाही. ‘आमटी खारट झालीय’ या तीन शब्दांत मीठ जास्त पडल्याची सरळ तक्रार असते. मीठ कमी पडलं तर आपण ‘अळणी’ म्हणतो, तीही तक्रारच. आणि मीठ हवं तेवढंच पडलं असेल तर? त्या चवीसाठी मराठीत वेगळं विशेषण नाही. ‘मीठ बरोबर झालंय’ असं वाक्य करावं लागतं, नाहीतर नुसतं ‘चव छान आली’ म्हणायचं. पाककृती लिहितानाही आपण ‘चवीपुरतं मीठ’ असंच लिहितो. जास्तीला एक शब्द, कमीला एक शब्द, आणि मधल्या नेमक्या प्रमाणाला फक्त ‘चव’. मराठीनं ही वाटणी केली कशी, हे समजून घ्यायचं तर खारट, अळणी आणि मीठ हे तिन्ही शब्द एकेक करून उलगडावे लागतात. गंमत अशी की तिघांची मुळं वेगवेगळी आहेत.

आधी वापर पाहू. आपल्याकडे ‘खारा’ आणि ‘खारट’ अशी दोन विशेषणं आहेत आणि कोशात त्यांचे अर्थ जवळजवळ सारखे दिसतात. बोलण्यात मात्र ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘खारा’ नामाप्रमाणे रूप बदलतो: खारा वारा, खारी हवा, खारं पाणी, खारे दाणे. ‘खारट’ बदलत नाही: खारट भात, खारट भाजी, खारट वरण. हा झाला व्याकरणातला फरक. अर्थातला फरक जास्त महत्त्वाचा आहे. ‘खारा’ वस्तूचा स्वभाव सांगतो, ‘खारट’ जिभेचा निकाल सांगतो. खारे दाणे खारेच असायला हवेत, त्यासाठीच ते मिठाच्या पाण्यात घोळवून भाजतात. खारी बिस्किटं, खारे शंकरपाळे, खारा बांगडा यांतलं ‘खारे’पण मुद्दाम आणलेलं असतं. म्हणूनच ‘हे खारे दाणे फार खारट आहेत’ हे वाक्य मराठी कानाला अजिबात विचित्र वाटत नाही. पहिल्या शब्दानं पदार्थाचा प्रकार सांगितला, दुसऱ्यानं तो बिघडल्याचं सांगितलं.

समुद्राचं पाणी खारं असतं, ते चाखून बघायची गरज नाही. पण पोहताना घोटभर पाणी तोंडात गेलं की ते खारट ‘लागतं’. ‘लागणं’ हे क्रियापद ‘खारट’च्या बरोबर सहज येतं. अश्रू खारट लागतात, ओठावर ओघळलेला घाम खारट लागतो. अशा ठिकाणी तक्रार नसते, पण जीभ असतेच. विहिरीबद्दल बोलताना आपण परत ‘खारं’वर येतो: या विहिरीचं पाणी खारं, त्या विहिरीचं गोडं, आणि पलीकडच्या विहिरीचं मचूळ. हा ‘मचूळ’ फार नेमका शब्द आहे. पिता येतं पण पिववत नाही, अशा अर्धवट खाऱ्या पाण्याला तो लागू पडतो. थोडासा खारेपणा सांगायला ‘खारवट’ आहे आणि तो जमिनीच्या बाबतीत जास्त ऐकू येतो.

आता ‘खारट’मधला तो शेवटचा ‘ट’. आंबट, तिखट, तुरट, खारट: चवींची नावं सांगताना हा ‘ट’ चारदा येतो. गोड आणि कडू एवढे दोनच त्यातून सुटले. चारही शब्दांच्या आधीच्या भागात जुनं मूळ दिसतं. ‘आंबट’मध्ये संस्कृत ‘आम्ल’, ‘तिखट’मध्ये ‘तीक्ष्ण’, ‘तुरट’मध्ये ‘तुवर’ आणि ‘खारट’मध्ये ‘क्षार’. ‘ट’नं त्यांना ‘तसा गुण असलेला’ असा अर्थ दिला. हाच ‘ट’ चवीबाहेरच्या शब्दांतही भेटतो: तेलकट, मळकट, धुरकट, रोगट, कुबट, खवट, पोरकट. यादी वाचताना कपाळावर हलकी आठी पडते. ‘बळकट’सारखे चांगल्या अर्थाचे शब्दही आहेत, पण या ‘ट’चा कल एकंदरीत नको असलेल्या गुणाकडे आहे, असं माझं मत आहे. ‘खारा’ला तो लागला आणि नुसत्या गुणाची कुरकुर झाली. ‘आंबट’ आणि ‘तिखट’ या कुरकुरीतून सुटले, कारण त्या चवींना दुसरं साधं विशेषण उरलंच नाही. ‘आंबा’ हे फळाचं नाव आहे आणि ‘तिख’ असं कुणी म्हणत नाही. ‘खारा’ मात्र जिवंत राहिला, आणि त्यामुळे ‘खारट’च्या वाट्याला जास्तीचं माप आलं.

‘क्षार’चा ‘खार’ कसा झाला, हेही पाहण्यासारखं आहे. संस्कृतातला ‘क्ष’ प्राकृतातून मराठीत येताना बरेचदा ‘स’ किंवा ‘श’ होतो: क्षेत्राचं शेत, क्षणाचा सण, इक्षूचा ऊस, कुक्षीची कूस, मक्षिकेची माशी. पण काही शब्दांत तो ‘ख’ झाला: क्षीर म्हणजे दूध, त्यावरून खीर, पक्षाचा पाख, आणि क्षाराचा खार. एकाच भाषेत दोन वाटा दिसतात, कारण वेगवेगळ्या प्रदेशांतल्या प्राकृतांचे शब्द एकमेकांत मिसळत आले.

इथपर्यंत सरळ वाटतं, पण मूळ ‘क्षार’ म्हणजे आपलं जेवणातलं मीठ नव्हेच. आयुर्वेदातला क्षार म्हणजे वनस्पती जाळून, त्यांची राख पाण्यात कालवून, गाळून आणि आटवून मिळवलेला दाहक पदार्थ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तो कसा तयार करायचा यावर स्वतंत्र अध्याय आहे, कारण शस्त्रक्रियेत फाजील मांस जाळून काढायला तो वापरत. आजच्या भाषेत सांगायचं तर हा अल्कली. आपल्या स्वयंपाकघरात आणि औषधांच्या डब्यात हा जुना अर्थ अजून टिकून आहे. पापडखार, सज्जीखार, जवखार, टाकणखार यांपैकी एकही मीठ नव्हे. जवखार हा तर ‘यवक्षार’, म्हणजे जवाच्या राखेतून काढलेला. पापडखार जिभेवर ठेवला तर खारेपणाबरोबर एक चावरा, साबणासारखा झणका येतो. जुन्या माणसांनी हा झणका आणि मिठाची चव एकाच कुळातली मानली, आणि ‘खार’ हा शब्द हळूहळू राखेकडून समुद्राकडे सरकला.

हा दाहक अर्थ लक्षात ठेवला की काही वाक्प्रचार जास्त चांगले उमगतात. ‘खिशाला खार लागली’ म्हणजे नको तो खर्च अंगावर आला. ‘तो माझ्यावर खार खाऊन आहे’ म्हणजे मनात डूख धरून आहे. मिठाशी यांचा संबंध जोडायला गेलं तर ओढूनताणून जोडावा लागतो. झिजवणारा, चरत जाणारा, जाळणारा क्षार डोळ्यांपुढे आणला की दोन्ही वाक्प्रचार आपसूक कळतात. मला तरी त्यांचं मूळ तिथेच दिसतं. लोणच्याच्या बाबतीत मात्र ‘खार’ प्रेमळ आहे. बरणीतल्या फोडींना सुटलेलं मिठाचं, मसाल्याचं पाणी म्हणजे खार. फोडी संपल्या तरी तो भातावर घ्यायला पुरतो. लिंबं किंवा कैऱ्या ‘खारात घालतात’, मासे ‘खारवतात’, आणि गोव्यात खारवून सुकवलेल्या मासळीला सरळ ‘खारें’ म्हणतात.

शाळेत या शब्दानं अजून एक वळण घेतलं. मराठी माध्यमातला विद्यार्थी ‘आम्ल, आम्लारी आणि क्षार’ असा धडा शिकतो. तिथे ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून तयार होणारं संयुग, ज्यात आपलं मीठही येतं. हिंदी माध्यमातला विद्यार्थी तोच धडा ‘अम्ल, क्षारक और लवण’ या नावानं शिकतो. त्याच्याकडे ‘क्षार’ हा शब्द अल्कलीच्या बाजूला राहिला आणि संयुगाला ‘लवण’ मिळालं. शेजारच्या दोन भाषांत एकाच संस्कृत शब्दाचा शास्त्रीय अर्थ जवळजवळ उलटा झाला आहे. मराठी शाळेतून हिंदी पाठ्यपुस्तकाकडे जाणाऱ्या मुलाला हे आधी सांगून ठेवणं बरं. ‘पाण्यात क्षार जास्त आहेत’ असं आपण बोअरवेलच्या पाण्याबद्दल म्हणतो, तेव्हा हाच शाळेतला अर्थ वापरत असतो.

आता दुसरं घराणं: लवण. आयुर्वेदाच्या मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय या सहा रसांत खाऱ्या चवीचं नाव ‘लवण’ असंच आहे. म्हणजे संस्कृतात वस्तू आणि तिची चव यांना एकच शब्द पुरला. पाणिनीनं याची नोंद एका नियमात केली आहे. ‘अमुक मिसळलेलं’ अशा अर्थाचा प्रत्यय इतर शब्दांना लागतो, पण ‘लवण’ला लागला की लोप पावतो. त्यामुळे मीठ घातलेलं कालवणही ‘लवण’च. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मिठाचा खडा टाकायला सांगतो आणि सकाळी तो परत मागतो. खडा सापडत नाही. मग वरचं, मधलं आणि तळाचं पाणी चाखायला लावतो; सगळीकडे उत्तर एकच येतं, ‘लवण’. हे उत्तर मीठ आणि खारट या दोन्ही अर्थांनी खरं आहे, आणि त्या प्रसंगाची ताकद या दुहेरी अर्थातही आहे.

‘लवण’चं मराठीत ‘लोण’ झालं. ‘अव’चा ‘ओ’ होणं ही प्राकृतातली नेहमीची गोष्ट. आज ‘लोण द्या’ म्हणून दुकानात कुणी मीठ मागत नाही, पण शब्द गेलेला नाही, जोडशब्दांत जाऊन लपला आहे. शेंदेलोण म्हणजे सैंधव, सिंधुदेशाचं मीठ. पादेलोण म्हणजे काळं मीठ. लोणच्यात तेच लोण आहे. लिंबलोण उतरवतात त्यात कडुनिंबाचा पाला आणि मीठ यांची जोडी आहे. जुन्या दगडी भिंतीवर ओल येऊन पांढरी भुकटी फुटते, तिला ‘लोणा’ म्हणतात. ज्यात लवण नाही ते ‘अलवण’, त्याचं अलोण आणि पुढे आपलं ‘अळणी’. म्हणजे खारट आणि अळणी हे अर्थानं एकमेकांच्या विरुद्ध असले तरी जन्मानं परके आहेत. पहिला राखेच्या घरचा, दुसरा मिठाच्या.

लोण्याशी मात्र या लोणाचा संबंध नाही. लोणी हे ‘नवनीत’. त्यातल्या पहिल्या ‘न’चा ‘ल’ झाला. आणि पूर्वेकडे नेमकं उलट घडलं: ‘लवण’मधल्या ‘ल’चा ‘न’ होऊन बंगालीत मिठाला ‘नून’ म्हणू लागले. ‘न’ आणि ‘ल’ यांची ही अदलाबदल जीभ किती सहज करते, हे लहान मुलांच्या बोबड्या बोलांतही ऐकू येतं.

‘लावण्य’ हा शब्दही लवणाचाच. त्याचा मूळ अर्थ खारेपणा. पुढे रूपातली जी गोष्ट नाकीडोळी मोजता येत नाही, पण जिच्याशिवाय सगळं फिकं वाटतं, तिला हे नाव मिळालं. हिंदीतलं ‘सलोना’ म्हणजे स-लवण, मीठ असलेला. उर्दूतलं ‘नमकीन’ही सावळ्या, मोहक रूपासाठी वापरतात. मराठीत आपण हेच उलट बाजूनं म्हणतो: बोलण्यात मजा नसेल तर ‘अळणी बोलणं’, लिहिण्यात दम नसेल तर ‘अळणी लेख’. इथे परत तेच दिसतं की मीठ नसलं की शब्द सापडतो, असलं की ते गुणात विरघळून जातं.

‘अळणी’चा एक प्रवास तर अजून चालू आहे. कोल्हापूरकडे मटण शिजवताना आलं, लसूण, हळद आणि मीठ घालून जे पाणी निघतं, त्याला अळणी पाणी किंवा अळणी रस्सा म्हणतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तो आधी वाढतात. त्यात मीठ असतंच, नसतं ते तिखट. तांबड्या रश्श्याच्या मुलखात ‘काही नसणं’ म्हणजे मिरची नसणं, म्हणून शब्दानं आपला अर्थ हलवला. शब्दकोश बघून कुणी त्याला चूक म्हणेल, पण तिथल्या स्वयंपाकघरात तो बरोबर आहे.

खार आणि लोण ही दोन्ही घराणी एका जागी भेटतात ती बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला. बेसॉल्टच्या खडकावर उल्का आदळून तयार झालेलं हे सरोवर. नावात लोण आहे, स्थानिक कथेत लवणासुर आहे, आणि पाणी मात्र नुसतं खारं नाही, तीव्र अल्कधर्मीही आहे. म्हणजे त्यात लवणही आहे आणि जुन्या अर्थाचा क्षारही. पूर्वी उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर जमणारे थर गोळा करत आणि त्यांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावं होती. हा माल साबण आणि काचेच्या बांगड्या करायला जाई. जून २०२० मध्ये याच सरोवराचं पाणी गुलाबी झालं, ते खारेपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

आता तिसरा शब्द, आणि तिघांत सर्वांत चकवणारा: मीठ. हिंदी बोलणाऱ्या माणसासमोर मराठी माणूस ‘मीठ द्या’ म्हणाला की घोटाळा होतो, कारण तिकडे ‘मीठा’ म्हणजे गोड. दोन्ही शब्द एकाच संस्कृत ‘मृष्ट’वरून आले. ‘मृज्’ म्हणजे घासणं, स्वच्छ करणं. मृष्ट म्हणजे स्वच्छ केलेलं, आणि अन्नाच्या बाबतीत निवडक, रुचकर. प्राकृतात त्याचं ‘मिट्ठ’ झालं. रुचकर म्हणजे काय, याचं उत्तर हिंदीनं ‘गोड’ असं दिलं आणि मराठीनं ‘जे घातल्यावर रुची येते ते’ असं दिलं. गुजराती तर दोन्ही उत्तरं जवळ बाळगून आहे: तिथे ‘मीठुं’ हे नाम असेल तर मीठ आणि विशेषण असेल तर गोड. कोकणीनं मराठीची वाट धरली, तिथे ते ‘मीट’. आपल्याकडची ‘मिठाई’ मागाहून हिंदीकडून आली, म्हणून एकाच मराठी घरात मिठाचा डबा आणि मिठाईचा डबा शेजारी असूनही कुणाचा गोंधळ होत नाही.

चवींची नावं अशी सरकणं नवं नाही. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे मिरीसारखं झणझणीत आणि ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंबासारखं. मराठीत ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि तो कडुनिंबाकडे गेला. आयुर्वेदाची पुस्तकं वाचताना सुंठीला ‘कटु’ म्हटलेलं दिसलं, तर सुंठ कडू असते असं समजायचं नाही. आपलं ‘गोड’ आलं ‘गुडा’वरून, म्हणजे गुळावरून, पण त्याचा पसाराही गुळापुरता उरला नाही. गोडं वरण, गोडा मसाला, गोडं तेल, गोडं पाणी यांतल्या एकातही गोडी नसते. ‘गोडं’ म्हणजे इथे सौम्य, न झोंबणारं, न खारं. गोड्या वरणात मीठ घालतातच, आणि ते खारट झालं तर ‘गोडं वरण खारट झालं’ असंच म्हणतात.

‘मीठ’ रुचीचं नाव झालं म्हणून की काय, मराठी वाक्प्रचारांत त्याचं वजन मोठं आहे. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. दुसऱ्याच्या चांगल्या कामात मिठाचा खडा टाकायचा नसतो. जखमेवर मीठ चोळायचं नसतं. ऐकलेली गोष्ट मीठमिरची लावून सांगितली जाते. बोलायची वेळ असताना गप्प बसलेला माणूस मिठाची गुळणी धरून बसतो. तोंडात खारट पाणी धरल्यावर बोलता येत नाही, हे ज्यानं घसा शेकला आहे त्याला सांगायला नको. गरिबीच्या पण समाधानाच्या जेवणाचं नाव मीठभाकर. यांतल्या एकाही ठिकाणी ‘लोण’ किंवा ‘खार’ चालणार नाही. ‘नमकहराम’मधला ‘नमक’ फारसी आहे आणि तो इमानाच्या भाषेबरोबर दरबारातून आला. आणि मिठाचा एक शब्द आपण रोज नाश्त्याला खातो पण ओळखत नाही. उप्पीट हे कन्नड ‘उप्पिट्टु’: उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. उपमा हा तमिळ ‘उप्पुमावु’, अर्थ तोच. गोडाच्या शिऱ्याशेजारी ठेवलेल्या मिठाच्या पदार्थाला दक्षिणेनं मिठाचंच नाव दिलं. मराठीत त्याच गरजेपोटी आपण ‘तिखटमिठाच्या पुऱ्या’ म्हणतो. हव्याशा खारेपणासाठी ‘खारट’ हा शब्द आपण इथेही टाळला, हे लक्षात घ्या.

जमिनीच्या शब्दांत मात्र ‘खार’ एकटा राज्य करतो. भरतीचं पाणी अडवायला घातलेला बांध ही खारबंदिस्ती, त्यामागची जमीन ही खारभूमी, खाडीकाठचं जंगल ही खारफुटी. रायगड जिल्ह्यात अलिबाग आणि पेणच्या बाजूला खारेपाट आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर खोदली तरी पिण्याजोगं पाणी मिळेल याची खात्री नसते, आणि खारं पाणी पिकाला दिलं तर जमीनही बिघडते. तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘खारं’ हा शब्द चवीचा नसतो, तो वर्षाच्या हिशेबाचा असतो.

मीठ जिथे पिकतं त्या जागेचं नाव मिठागर: मीठ आणि आगर. ‘आगर’ हे संस्कृत ‘आकर’, म्हणजे खाण. या आगरांवर राबणारे ते आगरी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम विरघळलेले क्षार असतात आणि त्यांतले तीन चतुर्थांशाहून अधिक म्हणजे आपलं मीठ. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटवत नेलं की आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाला बसतात, मग मिठाचे खडे धरतात. शेवटी जे दाट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते कडवट लागतं. पाणी पार आटू दिलं तर हा कडवटपणा मिठात उतरतो. म्हणून ते दाट पाणी वेळेवर काढून टाकणं हे आगरातलं खरं कसब. मे १९३० मध्ये आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तोही तिथल्या मिठागरांवरच.

आता जिभेकडे येऊ, कारण मराठीनं केलेली जास्त आणि कमीची वाटणी शरीरातही दिसते. मीठ लाळेत विरघळलं की सोडियमचे आयन चवपेशींच्या आवरणातल्या अगदी अरुंद वाटांनी आत शिरतात, पेशीचा विद्युतभार बदलतो आणि मेंदूकडे संदेश जातो. थोडं मीठ हवंहवंसं वाटतं. शिवाय सोडियम कडू चव दाबतो, त्यामुळे पदार्थातल्या बाकीच्या चवी वर येतात. वरणात चिमूटभर मीठ पडल्यावर डाळीचीच चव वाढल्यासारखी वाटते, ती यामुळे. पण प्रमाण खूप वाढलं तर? २०१३ साली उंदरांवर केलेल्या एका संशोधनात असं दिसलं की मिठाचं प्रमाण फार वाढलं की एरवी कडू आणि आंबट ओळखणाऱ्या पेशीही जाग्या होतात आणि प्राणी तोंड फिरवतो. कडू आणि आंबट या नासक्याच्या, विषाच्या खुणा. शरीर जास्त मिठालाही त्याच रांगेत बसवतं. नेमकं मीठ आणि जास्त मीठ या शरीराला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. म्हणून एकीला ‘चव’ आणि दुसरीला ‘खारट’ म्हणणारी भाषा मला अतिशय अचूक वाटते.

हे सगळं सांगण्यामागे एक रोजची विनंती आहे. दुकानातल्या पाकिटांवर आणि हॉटेलांच्या मेन्यूवर हल्ली ‘खारट शेंगदाणे’, ‘खारट बिस्किटे’, ‘गोड आणि खारट’ अशी छपाई दिसते. दुसऱ्या भाषेतला शब्द उचलून कोशातला पहिला पर्याय लावला की असं होतं. हा मजकूर तुमच्या हातून जात असेल, तर तिथे ‘खारे शेंगदाणे’, ‘खारी बिस्किटे’, ‘गोड आणि तिखटमिठाचे’ असं लिहा. पदार्थाबद्दल ‘खारट’ हा शब्द मीठ जास्त झाल्यावरच वापरा. आणि तुमच्या गावात खाऱ्या पाण्याला, खारवट जमिनीला किंवा कमीजास्त मिठाला ‘मचूळ’सारखा एखादा वेगळा शब्द असेल, तर तो लिहून ठेवा आणि घरातल्या मुलांसमोर मुद्दाम वापरा.